ट्रॅक्टरवरील म्युझिक सिस्टीम : विद्युत जोडणीतील दोष आणि उपाय

ट्रॅक्टरवर टेप, रेडिओ किंवा पेन ड्राइव्हवर चालणारी म्युझिक सिस्टीम बसविण्याची पद्धत आता गावोगावी रूढ झाली आहे. नांगरट, रोटाव्हेटर, ऊस वाहतूक अशा कंटाळवाण्या व लांब चालणाऱ्या कामात चालकाला त्याचा विरंगुळा होतो. रेडिओवरील बातम्या आणि हवामानाचा अंदाजही ऐकता येतो. मात्र बऱ्याच ट्रॅक्टरवर हा संच कारखान्यातून बसून येत नाही. तो बाजारातून आणून तास-दोन तासांत जोडला जातो आणि बहुतेक दोषांचे मूळ या घाईच्या जोडणीतच असते.

बॅटरीचा दाब फक्त १२ व्होल्ट असतो. त्याचा घरातील विजेसारखा धक्का बसत नाही, म्हणून या वायरिंगकडे सहज दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात सेल्फ मारताना हीच बॅटरी शेकडो अँपिअर प्रवाह देते. एवढा प्रवाह संचाच्या बारीक वायरमधून शॉर्ट झाला तर काही सेकंदांत वायर लाल होऊन तिचे आवरण पेट घेते. जवळ डिझेलची टाकी आणि मागे ट्रॉलीत कडबा, पाचट किंवा कापूस असेल तर होणारे नुकसान सांगावयास नको. दुसरा धोका बॅटरी उतरण्याचा. पावसानंतर वाफसा येतो, पेरणीची घाई असते आणि नेमक्या त्याच सकाळी सेल्फ लागत नाही. चार-पाच हजारांच्या संचापायी पेरणीचा मोलाचा दिवस वाया जातो.

संचात दोष आला की नवा संच विकत घेण्याकडे कल असतो. परंतु पुष्कळदा संच चांगला असतो. दोष असतो तो धन वायर, अर्थ किंवा फ्यूज या तीन ठिकाणी. म्हणून संच उघडण्यापूर्वी ही तीन ठिकाणे क्रमाने तपासावीत. ही तपासणी शेतकऱ्यास स्वतः करता येण्यासारखी आहे.

तपासणीसाठी लागणारे साहित्य

१) साधा डिजिटल मल्टिमीटर.
२) टेस्ट लॅम्प : १२ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरमध्ये बसवून त्याला दोन लांब वायरी जोडाव्यात.
३) पाने, पक्कड, काच कागद, वायरचे लग, उष्णतेने आवळणारी नळी आणि योग्य क्षमतेचे जादा फ्यूज.

घरातील वीज तपासण्याचा टेस्टर येथे उपयोगाचा नाही. त्यातील निऑन दिवा १२ व्होल्टवर लागत नाही. त्यामुळे टेस्टर लागला नाही म्हणजे वायरमध्ये वीज नाही, असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

काम सुरू करण्यापूर्वी घ्यावयाची दक्षता

हातातील अंगठी, कडे व घड्याळ काढून ठेवावे. धातूचे कडे धन टोक आणि चॅसी यांच्यामध्ये आल्यास हात गंभीर भाजतो. बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो व तो स्फोटक असतो. म्हणून जवळ विडी-काडी ओढू नये. वायर तोडण्या-जोडण्याचे काम असेल तेव्हा बॅटरीची ऋण केबल प्रथम काढावी आणि काम संपल्यावर ती सर्वांत शेवटी जोडावी. धन केबल आधी सोडविताना पाना चॅसीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. ऋण केबल आधी काढलेली असल्यास हा धोका राहत नाही.

काही फार जुन्या ट्रॅक्टरमध्ये बॅटरीचे धन टोक चॅसीला जोडलेले असते. आजचे संच ऋण टोक चॅसीला असलेल्या पद्धतीसाठी बनविलेले असतात. तेव्हा जुना ट्रॅक्टर असल्यास कोणते टोक चॅसीला आहे हे आधी पाहावे. धन टोक चॅसीला असेल तर संच जोडू नये. ऑटो इलेक्ट्रिशियनचा सल्ला घ्यावा.

संचाच्या वायरींची ओळख

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक संचांना पुढील रंगांच्या वायरी असतात. तथापि, कंपनीनुसार फरक असू शकतो. म्हणून संचावरील आकृती किंवा वायरवरील लेबल पाहूनच खात्री करावी.

पिवळी – बॅटरीचा कायम पुरवठा. घड्याळ व रेडिओ केंद्रांच्या स्मरणासाठी.
लाल – चावी फिरविल्यावर मिळणारा पुरवठा. संच चालू-बंद होण्यासाठी.
काळी – अर्थ.
निळी किंवा निळी-पांढरी – वेगळा अँप्लिफायर चालू करण्याचा इशारा.
पांढरी, राखाडी, हिरवी, जांभळी – चार स्पीकरची धन टोके. त्याच रंगावर काळी रेघ असलेली वायर ही त्या स्पीकरची ऋण वायर होय.

सुरुवातीला बॅटरी तपासावी

इंजिन बंद करून दोन-तीन तास झाल्यावर मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही टोकांवर दाब मोजावा.

१२.६ व्होल्ट किंवा अधिक – बॅटरी पूर्ण भारित.
१२.४ व्होल्ट – सुमारे तीन चतुर्थांश भारित.
१२.२ व्होल्ट – सुमारे निम्मी भारित.
११.९ व्होल्ट किंवा कमी – जवळजवळ पूर्ण उतरलेली.

त्यानंतर इंजिन मध्यम वेगावर चालवून पुन्हा दाब मोजावा. तो साधारणपणे १३.८ ते १४.४ व्होल्ट असावा. इंजिन चालू असूनही दाब १२.५ व्होल्टच्या आसपास राहिला तर अल्टरनेटर चार्ज करीत नाही असे समजावे. पट्ट्याचा ताण आणि अल्टरनेटरची जोडणी पाहावी. दाब १५ व्होल्टच्या वर जात असेल तर रेग्युलेटर सदोष आहे. अशा स्थितीत संच चालवू नये, कारण संच व बॅटरी दोन्ही खराब होतात.

टोकांवर पांढरी-हिरवट भुकटी जमली असल्यास ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. टोके कोरडी करून घट्ट आवळावीत व वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा.

सर्वसाधारण दोष, कारणे व उपाय

१) संच अजिबात चालू होत नाही : प्रथम संचाच्या मागील आणि बॅटरीजवळील असे दोन्ही फ्यूज काढून पाहावेत. फ्यूज नुसत्या डोळ्यांनी चांगला वाटला तरी मल्टिमीटरच्या बझरवर तपासावा. फ्यूज चांगले असल्यास टेस्ट लॅम्पचे एक टोक चॅसीच्या स्वच्छ धातूवर धरून दुसरे टोक पिवळ्या वायरला लावावे. दिवा लागला पाहिजे. नंतर चावी फिरवून लाल वायरला लावावे. येथेही दिवा लागला पाहिजे. दोन्हीकडे दिवा लागल्यास धन बाजू ठीक आहे. आता दिव्याचे एक टोक पिवळ्या वायरवर आणि दुसरे चॅसीऐवजी संचाच्या काळ्या वायरवर धरावे. दिवा मंद लागला किंवा लागलाच नाही तर दोष अर्थमध्ये आहे. डॅशबोर्डच्या रंगविलेल्या पत्र्याला स्क्रूखाली काळी वायर दाबून दिल्याने हा दोष निर्माण होतो. रंग खरवडून स्वच्छ धातूवर लग लावावा. शक्य असल्यास काळी वायर थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत न्यावी.

२) फ्यूज वारंवार उडतो : येथे फ्यूज हा दोष नसून दोषाचा निरोप आहे. उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार, सिगारेटच्या पाकिटातील चांदी किंवा अधिक अँपिअरचा फ्यूज कधीही टाकू नये. तसे केल्यास फ्यूज वाचतो आणि वायर जळते. दोष शोधण्यासाठी संचाचे सॉकेट काढून नवा फ्यूज घालावा. सॉकेट काढलेले असूनही फ्यूज उडाला तर बॅटरी ते संच या वायरचे आवरण कोठेतरी सोलून ती चॅसीला टेकत आहे. स्टिअरिंग खालची जागा, पत्र्यातील भोके, बॉनेटची बिजागरी आणि सायलेन्सरजवळचा भाग बारकाईने पाहावा. उंदरांनी वायर कुरतडली आहे काय हेही पाहावे. सॉकेट काढल्यावर फ्यूज टिकत असेल तर चारही स्पीकरच्या वायरी सोडवून संच पुन्हा जोडावा. आता तो चालल्यास शॉर्ट स्पीकरच्या वायरीत आहे. तरीही फ्यूज उडाल्यास मात्र संच दुरुस्तीला न्यावा.

३) उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरते : चावीच्या स्विचपर्यंत वायर न्यायचा त्रास वाचविण्यासाठी लाल व पिवळी वायर एकत्र पिळून थेट बॅटरीला जोडली जाते. त्यामुळे चावी काढली तरी संच चालू राहू शकतो. समजा, असा संच आवाज बंद केलेल्या अवस्थेत अर्धा अँपिअर प्रवाह घेत आहे. तर २४ तासांत १२ अँपिअर-तास आणि चार दिवसांत ४८ अँपिअर-तास खर्च होतात. ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा निम्म्याहून अधिक साठा झाला. पावसाने चार दिवस ट्रॅक्टर उभा राहिला की पाचव्या दिवशी धक्का मारण्याची पाळी येते, ती अशी.

याची खात्री करण्यासाठी सर्व दिवे व संच बंद करून चावी काढावी. बॅटरीची ऋण केबल सोडवून ती आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मल्टिमीटर १० अँपिअर डीसीवर ठेवून जोडावा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालण्यास विसरू नये. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये किंवा चावी फिरवू नये, अन्यथा मीटर जळेल. दिसणारा प्रवाह ०.०५ अँपिअरपेक्षा कमी असावा. अधिक असल्यास एकेक फ्यूज काढीत जावे. ज्या फ्यूजने प्रवाह खाली येतो त्या शाखेत गळती आहे. तपासणी झाल्यावर मीटरची लाल वायर व्होल्टच्या भोकात परत घालावी. लाल वायर चावीच्या स्विचवर, चावी बंद करताच वीज बंद होणाऱ्या टोकावर जोडल्यास हा दोष कायमचा जातो.

४) आवाज वाढविताच संच बंद पडतो किंवा डिस्प्ले लुकलुकतो : वायर फार बारीक असणे किंवा सांधा सैल असणे हे याचे कारण होय. ०.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तीन मीटर तांब्याच्या वायरमध्ये १० अँपिअर प्रवाहाला सुमारे १ व्होल्ट दाब वाया जातो, २.५ चौरस मिलिमीटर वायरमध्ये तो जेमतेम ०.२ व्होल्ट असतो. तपासणीसाठी संच मोठ्या आवाजात चालू ठेवून आधी बॅटरीवर आणि मग संचाच्या पिवळ्या व काळ्या वायरींवर दाब मोजावा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक फरक असल्यास वायरिंग सदोष आहे. दोष कोणत्या बाजूस आहे हे कळण्यासाठी बॅटरीचे ऋण टोक आणि संचाची काळी वायर यांमधील दाब मोजावा. तो ०.२ व्होल्टपेक्षा अधिक असल्यास अर्थ दुरुस्त करावा. अन्यथा धन बाजूचे सांधे पाहावेत. सेल्फ मारताना संच क्षणभर बंद होणे हा मात्र दोष नव्हे.

५) दर वेळी घड्याळ व रेडिओ केंद्रे पुसली जातात : पिवळ्या वायरला कायम पुरवठा मिळत नाही किंवा लाल व पिवळी वायर उलटसुलट जोडली गेली आहे. चावी काढल्यावर पिवळ्या वायरवर टेस्ट लॅम्प लावून पाहावा.

६) इंजिनाच्या वेगाबरोबर शीळ वाढते : अल्टरनेटरच्या विजेतील चढउतार संचात शिरल्याने ही शीळ ऐकू येते. संचाचा अर्थ चांगला करावा आणि स्पीकरच्या वायरी बॅटरीच्या वायरीपासून दूर न्याव्यात. मोबाइल चार्जरवर लावून त्याच वेळी केबलने संचाला जोडला असेल तर चार्जर काढून पाहावा. अनेकदा शीळ लगेच थांबते. एवढे करूनही शीळ राहिली तर अल्टरनेटरमधील डायोड ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावेत. रेडिओवर फक्त खरखर येत असेल तर नंतर बसविलेले एलईडी दिवे व हलके मोबाइल चार्जर एकेक बंद करून पाहावेत. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसल्याने पेट्रोल जीपमध्ये येणारी ठिणगीची टिकटिक ट्रॅक्टरमध्ये येत नाही.

७) एखादा स्पीकर बंद पडतो किंवा आवाज फाटतो : त्या स्पीकरच्या दोन्ही वायरी संचापासून सोडवून मल्टिमीटरने रोध मोजावा. ४ ओहमचा स्पीकर साधारणपणे ३ ते ४ ओहम दाखवितो. मीटरवर काहीच आकडा आला नाही तर वायर किंवा स्पीकरचे कॉइल तुटले आहे. दीड व्होल्टचा सेल वायरींना क्षणभर टेकवावा. चांगला स्पीकर 'टक' असा आवाज करतो. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लावल्यावर पडदा बाहेरच्या बाजूस सरकतो. एक स्पीकर उलटा जोडला गेला असेल तर ढोलकी-तबल्याचा भारी आवाज पोकळ वाटतो, तो असा ओळखता येतो.

जुन्या काही टेपमध्ये स्पीकरची एक वायर चॅसीला जोडत असत. आजच्या संचात स्पीकरची कोणतीही वायर चॅसीला जोडू नये; संच खराब होतो. तसेच एकाच जोडीवर दोन स्पीकर समांतर जोडू नयेत. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडल्यास रोध २ ओहम होतो, प्रवाह वाढतो व संच तापून बंद पडतो.

जोडणी अशी असावी

१) संचासाठी वेगळी धन वायर बॅटरीपासून घ्यावी. साध्या संचाला १.५ ते २.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची बहुतारी वायर व १० अँपिअरचा फ्यूज पुरतो. पात्याच्या प्रकारातील १० अँपिअरचा फ्यूज लाल, १५ चा निळा व २० चा पिवळा असतो.

२) हा फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून शक्य तितक्या जवळ, वीतभर अंतरात बसवावा. संचाच्या मागे असलेला फ्यूज केवळ संचाचे रक्षण करतो. बॅटरीपासून संचापर्यंतची वायर शॉर्ट झाल्यास त्या फ्यूजचा काही उपयोग होत नाही. बाकी कशात काटकसर केली तरी चालेल, परंतु बॅटरीजवळील फ्यूज टाळू नये.

३) वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळू नये. ट्रॅक्टरच्या हादऱ्यांनी असे सांधे सैल होतात आणि उन्हाने टेपचा डिंक सुटतो. लग दाबून किंवा डाग देऊन वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी.

४) पत्र्यातील भोकात रबरी ग्रोमेट बसवूनच वायर न्यावी. ती नालीदार नळीतून न्यावी व दर वीतभर अंतरावर बांधावी. सायलेन्सर, पंखा व हलणारे दांडे यांपासून ती दूर ठेवावी.

५) खोक्यावर छापलेल्या वॅटवर भिस्त ठेवू नये. '५० वॅटचे ४' म्हणजे २०० वॅट होतात. १० अँपिअरचा फ्यूज असलेला संच १४ व्होल्टवर १४० वॅटपेक्षा अधिक वीज सतत घेऊच शकत नाही. मोठा अँप्लिफायर लावावयाचा असल्यास त्याला स्वतंत्र जाड वायर व स्वतंत्र फ्यूज हवा, आणि अल्टरनेटरची क्षमता आधी पाहावी. डायनामो असलेल्या जुन्या ट्रॅक्टरवर असा भार टाकू नये.

६) भारतात जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरसाठी प्रदूषणाचे अधिक कडक निकष लागू झाले. अशा ट्रॅक्टरच्या इंजिनावर बहुधा इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असते. त्यातील सेन्सरच्या वायरींना छेद देऊन संचासाठी वीज घेऊ नये. वॉरंटी चालू असल्यास जोडणीपूर्वी सेवा केंद्रात विचारून घ्यावे.

वापरातील काळजी

ट्रॅक्टरला किंवा जोडलेल्या ट्रॉलीला वेल्डिंग करावयाचे असल्यास आधी बॅटरीच्या दोन्ही केबल काढाव्यात, अन्यथा अल्टरनेटरचे डायोड आणि संच जळण्याचा संभव असतो. बॅटरी उतरल्यास ट्रकच्या २४ व्होल्ट पुरवठ्यावरून ट्रॅक्टर सुरू करू नये. रासायनिक खतांची पूड ओलावा धरून तांब्याचे सांधे गंजविते. म्हणून खत वाहून झाल्यावर डॅशबोर्ड कोरड्या फडक्याने पुसावा. ट्रॅक्टर धुताना पाण्याचा फवारा संचावर व फ्यूजवर मारू नये. पावसाळ्यात ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहणार असल्यास ऋण केबल काढून ठेवावी.

आवाजाबाबतही मर्यादा पाळावी. मागून येणाऱ्या वाहनाचा हॉर्न आणि इंजिनाचा बदललेला आवाज चालकाला ऐकू आलाच पाहिजे. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढताना तर ही बाब जिवाची आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजविण्यास मनाई आहे, हेही ध्यानात ठेवावे.

थोडक्यात, संच बंद पडला की आधी बॅटरीचा दाब, मग फ्यूज, मग धन वायर आणि शेवटी अर्थ या क्रमाने तपासणी करावी. हंगाम सुरू होण्यापूर्वी, म्हणजे मे महिन्यात, बॅटरीजवळील फ्यूज व सर्व सांधे एकदा पाहून घ्यावेत. अर्ध्या तासाच्या या कामाने ऐन पेरणीत ट्रॅक्टर अडत नाही आणि आगीचा धोकाही टळतो.